दोन पांढऱ्या रेघा

आमच्या खैरधरीला आता दरवर्षी परदेशी पाहुणे येतात आणि गावातलं कुत्रंही त्यांच्यावर भुंकत नाही. पण दोन हजार चार साली ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांच्या स्वागताची अशी काही तयारी केली की ती निस्तरायला तीन वर्षं लागली. अजूनही गावात कोणाकडे कार्य निघालं की मला आधी निरोप येतो, "अनुसयाबाई, तुमी या, पन फक्त बसून राहा."

खैरधरी आर्वी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरापलीकडे माझं माहेर आणि माहेरापासून दोन कोसांवर बोर धरण. काळी जमीन, त्यात कापूस, दुसरं काही नाही म्हटलं तरी चालेल. नव्वदनंतरच्या दहा वर्षांत त्या कापसावर आम्ही काय काय फवारलं ते आठवलं तरी नाकात वास येतो. माणसं सकाळी पाठीला पंप बांधून निघत आणि संध्याकाळी लाल डोळ्यांनी परत येत. अळी मात्र होती तिथेच असे, उलट आधीपेक्षा जाडजूड.

मग आमच्या घरात मंजुषा आली. माझ्या प्रफुलची बायको, अल्लीपूरची, बारावी शिकलेली. प्रफुल आर्वीच्या डेपोत कंडक्टर, त्यामुळे वावर बघायला आमचे हे, मी आणि ती. लग्नाला वर्ष होत नाही तोच ती वर्ध्याला कसलंसं शिबिर करून आली आणि जेवताना म्हणाली, "मामाजी, यंदापासून आपन औषध बंद करू."

"कोनाचं? माह्या बीपीचं?" ह्यांनी विचारलं.

"पऱ्हाटीचं," ती म्हणाली, म्हणजे कापसाचं.

सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. पण पोरगी चिकट. तिनं चौदा घरं गोळा केली. परदेशातली एक कंपनी असा विनाऔषधाचा कापूस रास्त भावानं घेणार होती. अट एवढीच की तीन वर्षं वावरात औषधाचा थेंब पडायचा नाही, शिवाय बाईला माणसाइतकीच मजुरी द्यायची. दुसरी अट ऐकून माणसं हसली आणि बाया सरसावून बसल्या, म्हणून गट झाला असं माझं मत आहे.

पहिल्या दोन वर्षांत पीक घटलं. लोक वावरातल्या अळीला 'मंजुषाची पाहुणी' म्हणू लागले. कोणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलं तर सासू म्हणे, "माही सून भांडते, पन वावर त नाई बुडवत." मंजुषा हे सगळं ऐकून घ्यायची आणि दर शनिवारी आमच्या ओसरीवर चौदा घरांच्या बाया बसवून नियम वाचून दाखवायची. त्यातला एक मला पाठ झाला होता, कारण त्याचीच मी जास्त टर उडवायची. चूक झाली तर आपल्या तोंडानं सांगायची. सांगितली तर त्या एकट्याचंच वावर तीन वर्षं गटाबाहेर. लपवली आणि सापडली, तर चौदाही घरं बाहेर.

"हे त शाळेसारखं झालं," मी म्हणायची. "मास्तर, मी चुकलो, मले आंगठे धरू द्या."

गट जमल्यावर तिनं घरोघर जाऊन औषधांचे डबे, बाटल्या गोळा केल्या. आमच्या घरातले मीच काढून दिले. "झालं सारं, आत्याबाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "झालं." धान्याच्या कोठीमागे मुंग्यांच्या पावडरीचं अर्धं पोतं होतं. पण ती पावडर म्हणजे औषध, असं माझ्या मनातही आलं नाही. औषध म्हणजे पंपातून फवारतात ते. ही पावडर गुळाच्या डब्याभोवती, लोणच्याच्या बरणीभोवती, लग्नात पंगतीच्या कडेनं टाकायची. माझ्या लेखी ती हळदीच्या जवळची होती, औषधाच्या नाही.

तर, दोन हजार चार हे तिसरं वर्ष. दिवाळी झाल्यावर वर्ध्याचा गजेंद्र मोटरसायकलवर आला. हा मुलगा बाहेरच्या लोकांना धरणावर नाव चालवायला, डोंगर चढायला, तंबूत राहायला आणत असे. आता त्यानं नवीन बेत काढला होता. दोन दिवस धरण आणि डोंगर, मग पायी डोंगर ओलांडून खैरधरी, आणि औषधाविना कापूस कसा होतो ते बघणं. नऊ जणं येणार होती. त्यांत इंग्रिड नावाची बाई कापूस घेणाऱ्या कंपनीचीच होती. ती सगळ्यांसोबत डोंगर चढून येणार आणि जाताना वावरातली माती आणि पानं तपासायला नेणार. तपासणी चांगली निघाली की मंजुषाच्या चौदा घरांना कागद मिळणार.

"फक्त डोंगरातली जुनी वाट दाखवनारं कोनी पाह्यजे, काका," गजेंद्र ह्यांना म्हणाला.

"ते त माही माहेरची वाट होय," मी आतून ओरडले. "डोळे बांधून नेतो मी त्याहिले."

"तू शेवटची कधी गेलती त्या वाटेनं?" ह्यांनी विचारलं.

खरं उत्तर होतं एकाहत्तर साली, प्रफुलच्या आधीची खेप पोटात असताना. "गेलती ना आत्ता आत्ता," मी म्हटलं.

वाट दाखवणारी मी, आणि गटातली वयानं मोठी म्हणून सीतादही करणारीही मीच. सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याची पूजा. वावरात सात दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो वावरात शिंपडायचा आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. त्या वर्षी पाहुण्यांसाठी आम्ही वेचा थांबवून ठेवला होता. वावर नुसतं पांढरं फुलून आलं होतं. ते बघून माझ्या अंगात एकदम यजमानीण संचारली. आधी हसणारी मी, आता असं बोलू लागले की जसं काही विनाऔषधाची शेती मीच शोधून काढली.

आता स्वागत म्हटलं की आमच्याकडे पांढऱ्या रेघा आल्याच. त्र्याण्णव साली शाळेच्या खोलीचं उद्घाटन करायला एक साहेब आले, तेव्हा एसटीच्या थांब्यापासून शाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी अशा सरळ रेघा ओढल्या होत्या की साहेबांनी त्यांचंच कौतुक आधी केलं. रेघांशिवाय कोणी मोठा माणूस गावात शिरला तर तो वाट चुकून शिरला, असं आम्ही समजतो. मी ठरवलं, गावाच्या वेशीपासून पांदणीच्या वाटेनं थेट आमच्या वावरातल्या सात दगडांपर्यंत रेघा ओढायच्या.

मंजुषानं आर्वीहून चुन्याची दोन पोती आणवली. पण मी आदल्या दिवशी आधी विहिरीचा काठ रंगवला, मग निंबाच्या झाडाचं खोड, मग गोठ्याचा खांब, मग दिसेल तो दगड. आमचे हे खाटेवर पडले होते. ते म्हणाले, "मी हालतो जरा. नाई त मलेबी फासशीन."

दुसऱ्या दिवशी पहाटे रेघा ओढायला घेतल्या. गजेंद्रची जीप मला धरणावर न्यायला साडेसहाला येणार होती. चुना तानाबाईच्या धुऱ्यापर्यंतच, म्हणजे तिच्या वावराच्या बांधापर्यंतच पुरला. तानाबाई म्हणजे आमची शेजारीण, गटातली, तिचं वावर आमच्या वावराला लागून खालच्या अंगाला. रेघ तिच्या धुऱ्याशी संपली, तर पाहुणे तिचेच आहेत असं दिसलं असतं. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी घरात जाऊन कोठीमागचं अर्धं पोतं काढलं. ती पावडरही पांढरीच. उरलेल्या रेघा मी त्या पावडरीनं ओढल्या, तानाबाईच्या धुऱ्यावरून आमच्या वावरात, आणि सात दगडांभोवती तर छान गोल घेर काढला. दहीभाताला मुंग्या लागू नयेत म्हणून. उभी राहून बघितलं आणि वाटलं, साहेबांच्या रेघा ह्यापुढे काहीच नाहीत.

मंजुषा स्वयंपाकात होती. तिनं वाकून विचारलं, "पुरला चुना, आत्याबाई?"

"पुरवला," मी म्हटलं आणि जीपमध्ये बसले.

धरणावर नऊ जणं तंबू गुंडाळून तयार होती. त्यांच्या पायांत डोंगरी बूट, माझ्या पायांत स्लीपर. इंग्रिड माझ्याच वयाची, साठीला आलेली, पण उंच आणि वाळलेल्या सागासारखी ताठ. तिनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मी पुढे झाले, मागे ती, मागे बाकीचे, आणि मध्ये सगळ्यांचं बोलणं इकडून तिकडे करणारा गजेंद्र.

माहेरची वाट पहिला अर्धा तास मला ओळख देत होती. मग तिनं ओळख सोडली. जिथे मोहाची तीन झाडं होती तिथे करवंदीची जाळी, जिथे पायवाट होती तिथे खाली वाहून गेलेला ओहोळ. मी मात्र न अडखळता चालत होते. दोनदा आम्ही एकाच वारुळापाशी आलो. "हे दुसरं," मी गजेंद्रला सांगितलं. एकदा झाडीतून रोही, म्हणजे नीलगाय, उधळला तेव्हा पाहुण्यांनी कॅमेरे काढले आणि मी गजेंद्रच्या मागे गेले. इंग्रिडनं मला तिची एक काठी दिली. तशा तिच्याकडे दोन होत्या, लोखंडी, घडीच्या. मला वाटलं म्हातारी म्हणून दिली, राग आला. थोड्या वेळानं दुसरी मीच मागून घेतली.

दुपारी एका मोठ्या खडकावर भाकरी सोडली. इंग्रिडनं पाठीवरच्या झोळीतून छोट्या छोट्या पिशव्या काढून मला दाखवल्या. गजेंद्र सांगू लागला, "ह्यात त्या माती भरतीन, मावशी. तिकडं यंत्रात टाकतेत. दोन वर्साआधीचं औषध असलं तरी निघते म्हंते."

"पंपाचं?" मी विचारलं.

"पंपाचं, हाताचं, कोनतंबी. कीड मारायचं असलं की झालं."

मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आन मुंगी?"

"मुंगी कीडच नाई का?"

"मंग ते मुंग्यांची पावडर..."

"अरे बाप्पा, मावशी! ते त लय खराब. सरकारनं बंद केली त्यातली एक. तेच त पाह्यतेत ह्या आधी." त्यानं इंग्रिडला विचारलं, तिनं मान हलवून काहीतरी सांगितलं. "म्हंते, एका गावात गोदामात टाकली होती तेवढी, तरी सारा गट गेला. कोनी सांगतलं नाई म्हून."

मी डोंगरात होते. माझ्या रेघा वावरात होत्या. आणि ही बाई पिशव्या घेऊन माझ्याच मागून चालत होती.

त्यानंतर मी जे केलं त्याला पाहुणे आजही 'साहस' म्हणतात. मी फक्त त्यांच्याआधी घरी पोहोचून रेघा झाडायला निघाले होते. "जवळची वाट हाये," मी जाहीर केलं आणि डावीकडे वळले. लहानपणी आम्ही बहिणी बोरं खायला एका कड्यावरून बुडाखाली पळसाची फांदी घेऊन घसरत खाली यायचो. त्या कड्याला अस्वलधस म्हणत. तिथून खैरधरी चिलमीच्या वेळात येते, एवढं आठवत होतं. कडा किती उंच आहे ते आठवत नव्हतं. लहानपणी उंची नसते, घसरगुंडी असते.

कड्याच्या टोकाशी पोहोचले आणि खाली बघून मटकन बसले. खाली दोन माळ्यांच्या घराएवढी धस होती. मागे फिरायचं तर दोन तास. मी डोक्याला हात लावला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खास त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे. त्यांच्या सामानात दोर होते, कड्या होत्या, पट्टे होते. एका दाढीवाल्यानं झाडाला दोर बांधले. एकेक जण हसत हसत खाली गेला.

मग माझी पाळी. गजेंद्र म्हणाला, "मावशी, पट्टा घाला लागते."

"कुठं?"

त्यानं दाखवलं. पट्ट्याचा तो लंगोटच होता. नशीब माझी नऊवारी होती, कासोट्यावरून बसला. इंग्रिडनं स्वतः बकलं आवळली, दोनदा ओढून पाहिली आणि माझ्या गालाला हात लावला. मला तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

दोर सोडू लागले आणि मी हवेत लटकले. "पाय लावा, मावशी, खडकाले पाय लावा!" गजेंद्र वरून ओरडत होता. पाय मी लावला, पण उलटा. गर्रकन फिरले आणि तोंड थेट गावाकडे झालं.

आणि तिथून मला माझ्या रेघा दिसल्या. खाली काळी जमीन, त्यावर वेशीपासून निघालेल्या दोन पांढऱ्या, सरळ, ढळढळीत रेघा, तानाबाईच्या धुऱ्यावरून आमच्या वावरात शिरलेल्या आणि टोकाला एक सुबक गोल. एवढं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. खाली उतरलेले पाहुणेही तेच बघत होते आणि भराभर फोटो काढत होते.

"मावशी," वरून गजेंद्रचा आवाज आला, "इंग्रिडबाई विचारून राह्यल्या, त्या पांढऱ्या रेघा कायच्या होय?"

"स्वागताच्या," मी लटकूनच सांगितलं.

गावात पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वेशीपाशी डफडं वाजत होतं. मंजुषा नवं पातळ नेसून आरतीचं ताट घेऊन उभी होती. तीन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर असा उजेड मी बघितला नव्हता. चौदाही घरं जमली होती, आणि तिला हसणारी आणखी चाळीस घरंसुद्धा. पाहुणे माझ्या रेघांच्या मधून, त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून जपून पाय टाकत चालले. मी मात्र मुद्दाम कडेनं चालून पायांनी पावडर उडवत होते.

"सरळ चालनं," आमचे हे कानाशी म्हणाले. "पोरी पाह्यतेत."

वावरात सात दगडांपाशी सगळे गोल बसले. मी वेळ काढत एकेका दगडाला दोनदोनदा हळदकुंकू वाहिलं. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. लोकांना वाटलं, भक्ती. पहिलं बोंड वेचून मी मंजुषाच्या ओटीत टाकलं. तेवढ्यात इंग्रिडनं झोळीतून पिशवी आणि लहानसं खुरपं काढलं आणि माझ्या त्या सुबक गोलापासून दोन वितींवर बसली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाई नाई! सीतादहीच्या दिवशी वावरातली माती उचलत नाईत."

गजेंद्रनं तिला सांगितलं. तिनं पटकन खुरपं खाली ठेवलं, हात जोडले, चूक झाली म्हणून मातीला नमस्कार केला आणि वही काढून ती रीत लिहून घेतली. अशी रीत कुठेच नाही. हे जमलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मंजुषा माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर रेघेवरून फिरत गोलावर आली आणि तिथे थांबली. चुना आणि पावडर, दोन्ही पांढरी असली तरी शेजारी शेजारी बघितली की एक जरा पिवळट असते.

तेवढ्यात गजेंद्र म्हणाला, "काई अडचन नाई. ह्या वावराची उद्या घेऊ. आज बाजूच्या वावराची घेतो म्हंते. कोनाचं होय ते?"

"माह्यं, माह्यं होय!" तानाबाई पदर सावरत उठली. "या ना बाई, घ्या ना. माह्या वावरात काईच नाई. मी त मुंगी मारली नाई तीन वर्सांत." आणि ती आनंदानं इंग्रिडचा हात धरून आपल्या धुऱ्याकडे निघाली. त्या धुऱ्यावरची रेघ मी पहाटे पाच मुठींनी ओढली होती. तानाबाईच्या मातीत माझी पावडर निघणार होती, आणि ती बिचारी छातीवर हात मारून सांगणार होती की मी टाकली नाही.

खोटी रीत काढणं मला जमलं होतं. हे जमेना.

"थांब वो तानाबाई," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की कोणाला ऐकूच गेला नाही. मग ओरडले. "थांब! तिथं मी पावडर टाकली."

डफडं थांबलं.

"कायची पावडर?" मंजुषानं विचारलं.

"मुंग्यांची. चुना सरला होता. तिच्या धुऱ्यापासून इथवर सारी रेघ पावडरीची होय. हे गोलबी."

"कुठून आनली?"

"कोठीमागं होती."

"मी डबे गोळा करताना विचारलं तवा?"

"तवाबी कोठीमागंच होती."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. आमचे हे खाली बघत होते. तानाबाईनं इंग्रिडचा हात सोडला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जसं काही तिच्या भाजीत मी थुंकले. "काऊन वो, अनुसयाबाई?" ती म्हणाली. "माह्या धुऱ्यावर काऊन?"

"पाहुने तुह्याच घरी आलेत असं दिसलं असतं," मी म्हटलं. खरं कारण एवढंच होतं आणि ते सगळ्यांसमोर बोलताना किती लहान वाटलं ते काय सांगू.

मंजुषा घरी गेली, गटाची वही घेऊन आली आणि त्या सात दगडांपाशी बसून लिहू लागली. मला अनोळखी माणसासारखं विचारत गेली. तारीख. वेळ. किती पावडर. कुठून कुठवर. शेवटी म्हणाली, "इथं सही करा, आत्याबाई." मी सातवी पास आहे, पण तेव्हा माझी सही अंगठ्यापेक्षा वाईट आली. सही बघून तिनं वही मिटली आणि मगच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं ओटीतल्या त्या पहिल्या बोंडानंच पुसलं.

गजेंद्रनं सगळं इंग्रिडला सांगितलं असावं, कारण ती बराच वेळ रेघेच्या कडेनं फिरत होती. परत येऊन तिनं काहीतरी विचारलं.

"म्हंते, हे कायले ओढता?"

"मोठं मानूस आलं का ओढतो," मी सांगितलं.

ती हसली नाही. गजेंद्रमार्फत म्हणाली, "आमच्याकडं मोठ्या माणसासाठी लाल गालिचा टाकतेत. तो नंतर गुंडाळून ठेवता येते."

मग तिनं जे ठरवलं ते असं. चूक आपल्या तोंडानं सांगितली, वहीत लिहिली, म्हणून नियमाप्रमाणे आमचं एकट्याचंच वावर तीन वर्षं बाहेर. तानाबाईच्या धुऱ्याची माती खरवडून काढायची आणि कडेच्या चार ओळींचा कापूस वेगळा ठेवायचा. बाकी तेरा घरांची तपासणी होईल. पाऊस नव्हता म्हणून वाचलो. पावडर वरच्या वर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरवडायला सगळ्यांत आधी नाकाला फडकं बांधून कोण उभे राहिले, तर पाहुणे. त्यांच्या पत्रकात म्हणे 'शेतकऱ्यांसोबत प्रत्यक्ष काम' असं लिहिलेलं होतं आणि ते त्यांना इतकं मनासारखं मिळेल असं वाटलं नव्हतं. तो दाढीवाला फावड्यानं माती पोत्यात भरत होता आणि मला बघून आनंदानं हात हलवत होता. मंजुषा वही घेऊन त्यांच्यामागून चालत होती. मी एकटी निंबाखाली, मीच रंगवलेल्या खोडाला टेकून बसले. उठले तेव्हा सगळी पाठ चुन्यानं पांढरी झाली होती, हे रात्री जेवताना ह्यांनी सांगितलं. "स्वागताले निंगाली का?" एवढंच बोलले.

उन्हाळ्यात तेरा घरांचे कागद आले. मंजुषा त्या दिवशी सबंध गावात पेढे वाटत फिरली. आमच्या ओसरीवरच्या बैठकीला मी बसत होते, पण तीन वर्षं आमचा कापूस एकटाच बैलगाडीनं आर्वीच्या बाजारात जायचा आणि बाकीच्यांचा ट्रक त्याच्या अंगावर धूळ उडवत पुढे निघून जायचा. तानाबाई ट्रकमधून हात हलवायची. दोन महिने ती बोलली नव्हती. त्यापेक्षा धूळ बरी.

मंजुषाला चूक सांगणारी माणसं हवी होती. त्याची सुरुवात माझ्यापासूनच झाली. दुसऱ्याच बैठकीत गटातल्या लक्ष्मणरावांची बायको उठली आणि म्हणाली की तिच्या घरात उंदराच्या गोळ्या आहेत, वावरात मात्र एकही पडलेली नाही. मग आणखी एक जण उठली. "अनुसयाबाईनं एवढं सांगतलं, मंग आमाले कायची लाज?" असं म्हणत गावभरच्या कोठ्यांमागचा माल बाहेर आला. माझ्या नावाचा असा उपयोग होईल असं माझ्या बापालाही वाटलं नसेल.

गजेंद्रच्या पाहुण्यांना ती 'जवळची वाट' एवढी आवडली की दरवर्षी तो त्यांना अस्वलधसेवरून दोरानं उतरवू लागला. उतरून आले की तो त्यांना आमच्या बाहेर काढलेल्या वावरापाशी उभं करायचा आणि मला हाक मारायचा. मी येऊन कोठीपासून कड्यापर्यंत सगळं सांगायची. ते हसायचे, फोटो काढायचे. बाकीच्या बायांना कापूस दाखवायला मिळायचा, मला माझी चूक. पाहुणे माझ्यापाशीच जास्त वेळ थांबायचे, हेही खरं.

दोन हजार सात साली आमचं वावर परत गटात आलं. इंग्रिड त्या वर्षीही आली होती, काठी आता तिला खरंच लागत होती. सीतादहीला मंजुषानं सात दगड मांडले आणि दहीभाताची वाटी माझ्या हातात दिली. मधली दोन वर्षं ती वाटी तानाबाईच्या हातात होती. मी नैवेद्य दाखवला, चौफेर शिंपडला आणि बसले. थोड्याच वेळात काळ्या मुंग्यांची एक रांग धुऱ्यावरून आली, सरळ, माझ्या जुन्या रेघेच्याच जागेवरून, आणि भाताची शितं उचलून परत निघाली.

"आत्याबाई," मंजुषा म्हणाली, "मुंग्या लागल्या."

सबंध वावरात शिंपडायचा तो भात. मुंग्यांनी खाऊ नये तर कोणी खायचा, हे मला वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं.

"लागू दे," मी म्हटलं.

इंग्रिडनं वही काढली. "ह्या दिवशी माती उचलत नाहीत ना?" तिनं गजेंद्रमार्फत विचारलं. तीन वर्षांपूर्वी लिहून घेतलेलं ते पान तिनं जपून ठेवलं होतं, आणि तेवढी एक गोष्ट तिला खरी सांगायची आम्हा सगळ्यांकडूनच राहून गेली होती.

मंजुषा माझ्याकडे बघून हसू दाबत होती.

"घे बाई, घे," मी इंग्रिडचं खुरपं तिच्या हातात देत म्हटलं. "वही आन वो मंजुषा. अजून एक सांगायचं हाये."